समीक्षाचे तेवीस फोटो

१

रविवारी पहाटे सारिका हिवाळे बुटांच्या नाड्या बांधायला बसली की घरात तिला कोणी काही विचारत नसे. नवरा प्रेमानंद कूस बदलून "जपून जाजो" एवढं म्हणे आणि पुन्हा झोपे. आठ वर्षांचा हा शिरस्ता होता. थायरॉइडच्या गोळ्या सुरू झाल्या तेव्हा डॉक्टरांनी तिला रोज चालायला सांगितलं होतं. मैदानाला फेऱ्या मारून ती पंधरा दिवसांत कंटाळली, आणि एका रविवारी राजूर घाटात डांबरी रस्ता सोडून गुरांच्या पायवाटेने खाली उतरली. चार तासांनी घरी आली तेव्हा हातांवर ओरखडे होते आणि ओढणीभर कुसळं. पुढचा आठवडाभर कचेरीत आवक-जावकचं रजिस्टर लिहिताना ती मधेच स्वतःशी हसत होती.

तेव्हापासून बुलढाण्याच्या आसपासची एकही टेकडी तिने सोडली नाही. देऊळघाटाकडून पैनगंगेच्या काठाकाठाने, गिरड्याच्या कड्यावरून, लोणारच्या सरोवराच्या कडेने पूर्ण वेढा. कुठल्या ओढ्याला जानेवारीपर्यंत पाणी असतं, कुठल्या कपारीत आग्या मोहोळ आहे, सगळं तिने एका वहीत चित्रं काढून लिहून ठेवलं होतं. लोक तिला 'डोंगरवाल्या ताई' म्हणत. मोबाइलवर तिने काढलेल्या ग्रुपमध्ये साठ माणसं होती. त्यांतली पाच-सहा खरोखर चालायला येत. ही पाच-सहा माणसं तिच्या मागून चालत, ती थांबली की थांबत. चव्वेचाळीस वर्षांच्या आयुष्यात तिच्या मागे चालणारी माणसं तिला पहिल्यांदाच मिळाली होती.

मग दोन वर्षांपूर्वी समीक्षा आली.

समीक्षा देऊळगाव राजाची. बुलढाण्याच्या एका कॉलेजात भूगोल शिकवायला लागली होती, वय तेहतीस, लग्न ठरून मोडलेलं. पहिल्या दिवशी चपला घालून आली आणि अर्ध्या वाटेत रडकुंडीला आली. सारिकाने तिला हात धरून उतरवलं, दुसऱ्या दिवशी दुकानात नेऊन बूट घेऊन दिले. पावलं तिरपी कशी टाकायची, सुटे दगड कसे ओळखायचे, हे सगळं तिला सारिकाने शिकवलं. वही तर तिने दुसऱ्या कोणाला हातही लावू दिली नव्हती. समीक्षाला ती घरी न्यायला दिली.

२

सप्टेंबर संपत आला होता. गवत पिवळं पडायला लागलं होतं. गुरुवारी दुपारी जेवणाच्या सुट्टीत डबा खाता खाता सारिकाने मोबाइल बघितला. समीक्षाने स्टेटसला फोटो टाकला होता. गिरड्याचा कडा, खाली धुकं, आणि कड्यावर उभी असलेली एक अगदी लहान आकृती, मोहरीच्या दाण्याएवढी. मोठं करून बघितल्यावर कळलं की ती समीक्षा आहे.

सारिकाचा घास हातातच राहिला.

गिरड्याला गेली, सांगितलं नाही. हे एक झालं. पण त्याहून तिला लागलं ते वेगळंच. समीक्षा कड्यावर आहे, तर फोटो कोणी काढला?

पुढचे दोन दिवस तिने विचारलं नाही. विचारलं तर आपल्याला लागलं हे दिसेल, असं तिला वाटलं. पण तो फोटो तिने स्क्रीनवरून उतरवून ठेवला आणि रोज दोन-तीनदा बघितला. फोटो काढणारा हौशी नव्हता. ज्याने काढला त्याला समीक्षा कशी उभी राहते, मान कुठे वळवते, हे ठाऊक होतं. दोन वर्षं सोबत चालून आपल्याला जे दिसलं नाही ते ह्याला एका सकाळी दिसलं, असं तिच्या मनात आलं आणि रात्रीचं जेवण गेलं नाही.

रविवारी चहाच्या टपरीवर तिने सहज विचारल्यासारखं विचारलं, "गिरड्याले कोणासंगं गेलती?"

"एकटीच की, ताई." समीक्षा कपात बघत म्हणाली. "टायमर लावला होता. दगडावर ठेवला मोबाइल."

सारिका हसली. कड्यासमोर जिथून तो फोटो निघाला असता तिथे दगड नव्हता. नुसती दरी होती. ही गोष्ट वहीच्या सातव्या पानावर तिने स्वतः काढून ठेवली होती.

३

त्यानंतर दर गुरुवारी फोटो येऊ लागला. कधी आठवड्यात दोन. कॉलेजातली पोरं, ग्रुपमधली माणसं, सगळी वाहवा करत. एका स्थानिक पेपराने समीक्षाचा लोणारचा फोटो रविवारच्या पानावर छापला आणि खाली 'डोंगरवेडी प्राध्यापिका' असं लिहिलं. प्रेमानंदने तो कौतुकाने बायकोला दाखवला. तिने बघितलं न बघितलं केलं आणि भांडी घासायला उठली.

"फोटो तिचे, अन् डोळे तुये काऊन लाल होऊन राह्यले?" तो म्हणाला.

तिने नळ मोठा सोडला.

एका शनिवारी ती एकटीच देऊळघाटच्या पुढे एका घळीपाशी गेली. त्या आठवड्याचा फोटो तिथला होता. समीक्षा ओढ्यातल्या खडकावर बसलेली, पाय पाण्यात सोडलेले. सारिका त्या खडकावर बसली, हातातल्या मोबाइलवरचा फोटो बघून कोन जुळवला आणि वर नजर टाकली. समोर उभा काळा खडक होता, दोन माणसं उंच, शेवाळलेला. त्याच्या मध्यावरून तो फोटो निघाला होता. तिथे पाय ठेवायला बोटभर खाचही नव्हती. वरून दोर सोडून कोणी उतरलं असतं तर शेवाळ खरवडलं गेलं असतं. शेवाळ कोवळं, अखंड, गालिच्यासारखं होतं.

ड्रोन, असं तिने ठरवलं. आजकाल लग्नातसुद्धा ड्रोन उडवतात. म्हणजे तो माणूस पैसेवालाही आहे. घरी येईपर्यंत तिने त्याला चांगलं ओळखीचं करून टाकलं होतं: पस्तिशीचा असेल, औरंगाबाद-पुण्याकडचा असेल, भारी बूट असतील, आणि तो समीक्षाला आपल्यापेक्षा चांगल्या वाटा दाखवत असेल. ओढ्याच्या त्या खडकावर बसलेली असताना आपल्याला थंडी का वाजली होती, याचा विचार तिने केला नाही. दुपारचे बारा वाजले होते आणि ऊन डोक्यावर होतं.

४

नोव्हेंबरात दोघी बऱ्याच दिवसांनी सोबत निघाल्या. बाकी कोणाला यायला जमलं नव्हतं. सारिकाला बरं वाटलं होतं; तिने तिळाची चटणी लावलेल्या दोन भाकरी जास्तीच्या घेतल्या होत्या.

पण चालता चालता तिला काहीतरी खुपायला लागलं. समीक्षा पायवाटेच्या एका बाजूने चालत होती, जशी आपण तिसऱ्याला जागा ठेवून चालतो. सारिका बोलत असताना ती मधेच थांबे. थांबायला काही कारण नसे; धाप लागलेली नसे, समोर काही बघण्यासारखं नसे. ती थांबे, कपाळावरची बट मागे सारे, आणि मोकळ्या टेकडीकडे तोंड करून क्षणभर तशीच राही. मग चालू लागे. फोटोसाठी माणूस जसा उभा राहतो, तशी.

"कोणाले बघून राह्यली?" सारिकाने विचारलं.

"कुठं काय."

"तिकडं कोणी आहे का?"

समीक्षाने तिच्याकडे असं बघितलं की सारिकाला आपणच मधे आल्यासारखं झालं. टेकडीवर गवत होतं. वारा नव्हता. एक टिटवी ओरडत उठली आणि लांब जाऊन बसली.

माथ्यावर दोघी सपाट दगडावर शेजारी शेजारी बसल्या. भाकरी खाल्ली. सारिकाने तिच्या पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडून दिलं. त्या अर्ध्या तासात समीक्षा पूर्वीसारखी बोलली, कॉलेजातल्या गमती सांगितल्या, आणि सारिकाच्या मनातला राग बराचसा विरघळला.

संध्याकाळी स्टेटसला त्याच दगडाचा फोटो होता. समीक्षा बसलेली, हातात भाकरीचा तुकडा, मान वळवून शेजारच्याशी हसून बोलणारी. शेजारी कोणी नव्हतं. जिथे सारिका बसली होती तिथे रिकामा दगड होता, दगडावर ऊन होतं, आणि मागे गवताची पाती एक न एक मोजता येत होती.

५

ग्रुपमधली डिंपल बाजारात भावाबरोबर मोबाइलचं दुकान चालवायची. सारिका सोमवारी कचेरी सुटल्यावर तिच्याकडे गेली आणि फोटो दाखवला. स्वतःबद्दल नाही बोलली. एका बाईला फोटोतून काढलंय असं वाटतं, एवढंच म्हणाली.

डिंपलने फोटो मोठा केला, लहान केला. स्क्रीनवरून उतरवलेल्या फोटोत काही कळत नाही, म्हणाली. पण त्यात अवघड काय आहे, आता मोबाइलमध्येच सोय असते, नको त्या माणसावर बोट फिरवायचं की माणूस गेला, मागचं गवत मोबाइल आपोआप भरतो.

"कोणाले पुसलं हो, ताई?" तिने विचारलं. मग बहुतेक तिच्या लक्षात आलं, कारण ती गडबडीने काच पुसायला लागली. पुसता पुसता बोलून गेली की समीक्षा मॅडम मागे एकदा म्हणत होत्या, ताई आता थकतात, त्यांच्यासोबत लांबचं जमत नाही.

सारिका चालत घरी आली. राग आला की ती नेहमी भराभर चाले, पण त्या दिवशी तिचे पाय उचलत नव्हते. फोटो कुठून काढला, कशाने काढला, हे सगळे प्रश्न तिच्या डोक्यातून निघून गेले होते. बोट फिरवलं. माझ्यावर बोट फिरवलं. भाकरी माझी होती, वाट माझी होती, आणि तिने दोन सेकंदांत मला पुसून टाकलं. एवढंच तिच्या डोक्यात घुमत राहिलं. आणि एका अर्थाने तिला सुटल्यासारखंही झालं, कारण सगळ्याचं कारण सापडलं होतं. शेवाळाच्या खडकाचं सापडलं नव्हतं. पण शेवाळाला कोण विचारतो.

६

डिसेंबरात एका रविवारी ती घरीच होती. पाय मुरगळलाय असं तिने ग्रुपवर सांगितलं होतं. प्रेमानंद भाजी आणायला गेला होता. ती पलंगावर बसून उतरवून ठेवलेले फोटो पहिल्यापासून बघायला लागली. बावीस होते.

एकेक बघताना जे दिसलं नव्हतं ते ओळीने बघताना दिसलं. पहिल्या फोटोत समीक्षा मोहरीएवढी. दुसऱ्यात ज्वारीच्या दाण्याएवढी. पाचव्यात बोटाच्या पेराएवढी. भाकरीचा फोटो अकरावा होता. त्यात तिचे दात दिसत होते. सोळाव्यात कमरेपासून वर. विसाव्यात नुसता चेहरा. एकही फोटो आदल्यापेक्षा लांबून काढलेला नव्हता. जागा वेगळ्या, दिवस वेगळे, पण काढणारा दर वेळी थोडा जवळ आलेला होता. न चुकता, घाई न करता, एखादं जनावर पाणवठ्याकडे सरकतं तसा.

सारिकाने मोबाइल उलटा करून गादीवर ठेवला. स्वयंपाकघरात नळ ठिबकत होता. तिने उठून तो बंद केला, परत आली, आणि पुन्हा बघितलं.

समीक्षाला सांगायला पाहिजे होतं. ते तिला त्याच क्षणी कळलं होतं, नंतर नाही. पण सांगायचं काय? आणि सांगितलं तर ती म्हणणार, ताईला सहन होत नाही. डिंपलला सांगणार. ग्रुपवर सगळे हसणार. शिवाय आतल्या आत एक बारीक आवाज म्हणत होता, जवळ येऊन राह्यला तर येऊ दे; तुये काय जाते?

त्या गुरुवारी फोटो आला नाही. शुक्रवारी दुपारी समीक्षाचाच फोन आला. आवाज बसलेला होता.

"ताई, उद्या येता का सोबत? सलईच्या खोऱ्यात जायचंय. एकटीला नको वाटतंय."

"काऊन? तुये फोटोवाले कुठी गेले?"

पलीकडे दार लोटून घेतल्याचा आवाज आला. मग समीक्षा म्हणाली, "ताई, मी थांबवते म्हटलं तरी पाय तिकडंच जातात. तुम्ही बाजूला असल्या की बरं वाटतं. याल का?"

"माह्यानं नाई होत आता लांबचं," सारिका म्हणाली. "मी थकतो ना."

आणि तिनेच फोन ठेवला.

७

तरी शनिवारी ती गेली. सोबत करायला नाही, पकडायला. तो कोण आहे ते एकदा डोळ्यांनी बघायचं, मग पुढचं पुढे, असं तिने ठरवलं होतं. पक्षी बघायची छोटी दुर्बीण गळ्यात अडकवून ती खोऱ्याच्या अलीकडच्या डोंगरधारेवर नऊ वाजता पोचली आणि एका धावड्याच्या बुंध्याआड बसली. समोरच्या उतारावर सलईची पांढुरकी झाडं, पानं गळून मोकळी झालेली. मधे खोल ओढा. उताराच्या मध्यावर एक मोठा दगड, त्यावर समीक्षा बसलेली.

एकटी होती. पाठ उताराकडे, तोंड दरीकडे.

सारिकाने दुर्बिणीतून तिच्या मागचा सगळा उतार चाळला. माणूस नव्हता. गुरं नव्हती. समीक्षाच्या मागे वीसेक पावलांवर वणव्यात जळालेलं एक खोड उभं होतं, माणसाच्या उंचीचं. बस्. सारिकाच्या पायात कुसळ घुसलं होतं. तिने दुर्बीण खाली घेऊन ते काढलं, पुन्हा डोळ्यांना लावली. खोड पाच पावलांवर होतं.

आपण आधी नीट बघितलं नसेल, असं तिने स्वतःला सांगितलं. दुर्बिणीत अंतर फसवतं. ती तेवढं सांगत असताना तिची नजर समीक्षाच्या चेहऱ्यावर गेली, आणि तिथेच अडकली.

समीक्षा हसत होती. डोळे मिटलेले, हनुवटी थोडी वर, गालावर ऊन. कोणी तरी आपल्याला पूर्ण बघतंय आणि बघून त्याला आनंद होतोय, हे ठाऊक असलेल्या माणसाचं हसू. दोन वर्षांत सारिकाकडे बघून ती तशी एकदाही हसली नव्हती. प्रेमानंदकडे बघून सारिका स्वतः कधी तशी हसली असेल का, हेही तिला आठवेना.

हाक मारली असती तर ऐकू गेली असती. खोऱ्यात आवाज फार चांगला जातो. 'समीक्षा, मांगं बघ' एवढंच म्हणायचं होतं. शब्द तिच्या जिभेवर आले होते. तिने तोंड मिटलं, दुर्बीण पिशवीत घातली, आणि उतारावर पुन्हा एकदाही न बघता घराची वाट धरली.

बाराला दहा कमी असताना बसमध्ये तिने मोबाइल बघितला. स्टेटसला नवीन फोटो होता. मान, कानामागचा बारीक तीळ, आणि उडणारे दोन-तीन केस. हात लांब केला तर लागेल एवढ्या अंतरावरून.

तिने तो उतरवून ठेवला. तेविसावा.

८

संध्याकाळी समीक्षाची घरमालकीण शालूबाई हिचा फोन आला, मॅडम आल्या नाहीत. रविवारी उजाडताच ग्रुपमधले लोक, पोलीस आणि जंगलात राबणारी चार माणसं निघाली. वाट दाखवायला सारिकाच पुढे होती. काल आपण तिथे होतो हे तिने कोणाला सांगितलं नाही. आधी सगळ्यांना वरच्या धारेने नेलं, तासभर तिथे हाका मारू दिल्या, आणि मग एकदम सुचल्यासारखं करून म्हणाली की सलईच्या खोऱ्यात बघू.

त्या मोठ्या दगडावरून माणसं दोनदा गेली. दगडावर एकाने पाणी प्यायलं. तिसऱ्या वेळी जंगलमजूर गोकुळ दगडाला हात टेकायला गेला आणि ओरडून मागे सरला. समीक्षा तिथेच बसली होती. कपडे धड, अंगावर ओरखडाही नाही, ओठ तेवढे सुकलेले.

"मी इथंच होते," ती म्हणाली. "तुम्ही सगळे माझ्या अंगावरून जात होता."

तहानेने भ्रम झाला असेल, असं सगळे म्हणाले. गोकुळ मात्र ओढ्यावर तोंड धुताना सारिकाला हळूच म्हणाला, "मॅडम, मी दगडावर बसलो होतो. दगडावर कोणी नोहोतं."

आठ दिवसांनी समीक्षाचे वडील भगवंतराव येऊन तिला देऊळगाव राजाला घेऊन गेले.

९

सारिका जानेवारीत तिला भेटायला गेली. बसने देऊळगाव राजाला पोचायला दुपार झाली. घर बालाजीच्या मंदिरामागच्या गल्लीत होतं. आई अन्नपूर्णाबाईंनी दार उघडलं, बसा म्हणाल्या, पाणी दिलं. समीक्षा खाटेवर भिंतीला पाठ लावून बसली होती. सारिकाला ती दिसायला अंमळ वेळ लागला. खोलीत उजेड भरपूर होता.

अन्नपूर्णाबाई आत जाऊन चहा घेऊन आल्या. दोन कप. एक सारिकापुढे ठेवला, एक स्वतः घेतला, आणि अर्धा पिऊन झाल्यावर त्यांचा हात थांबला.

"बघा, पुन्हा," त्या म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते. "सकाळपासून तिसऱ्यांदा. पोटची पोर समोर बसलेली असते अन् माझ्या ध्यानातच राहत नाही हो. काल तिच्या बापानं बाहेरून कडी घातली. ती घरात होती."

त्या तिसरा कप आणायला आत गेल्या. समीक्षाने मोबाइल सारिकापुढे केला. फोटो सगळे जागेवर होते, तारखा होत्या. गिरड्याचा कडा होता, ओढ्यातला खडक होता, माथ्यावरचा दगड होता. समीक्षा कशातच नव्हती.

"डिंपलनं सांगितलं मला. मी तुम्हाला कधी पुसलं नाही, ताई," ती म्हणाली. "तो भाकरीचा फोटो आला तेव्हाच त्यात तुम्ही नव्हता. मला वाटलं तुम्हाला राग येईल, म्हणून बोलले नाही. टायमर पण खोटा होता. घरी येऊन मोबाइल बघितला की फोटो असायचा. शेवटचा तर स्टेटसलाही मी टाकला नव्हता."

"अन् तुले भेव नाई वाटलं?"

"वाटलं की. पण मला कुणी असं कधी बघितलंच नव्हतं. ज्यानं लग्न मोडलं तो म्हणाला होता, मुलगी लक्षात राहत नाही." ती थोडी हसली. मग पुढे सरकून तिने सारिकाचं मनगट पकडलं. हात हलका होता, ओढणी पडावी तसा. "ताई, एक विचारू? ते तुमच्याकडं आलंय का?"

"नाही."

"खरं सांगा."

"नाही गं. माह्याकडं कशाले येते?"

समीक्षा तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. सारिकाला ती नजर कुठली ते कळायला वेळ लागला नाही. चार महिने ती स्वतः त्याच नजरेने मोबाइलकडे बघत आली होती.

"आलंय," समीक्षा म्हणाली. "तुम्ही चांगल्या दिसायला लागल्या."

सारिकाने मनगट सोडवून घेतलं. बस चुकेल म्हणाली आणि तिसरा कप यायच्या आत उठली.

१०

परतीच्या बसमध्ये तिने स्वतःकडचे तेवीस फोटो उघडले. गवत, दगड, पाणी, ऊन. शेवटच्यात नुसतं भुरकं आभाळ. तिने ते एकेक करून काढून टाकले, कारण आता त्यांत बघण्यासारखं काही राहिलं नव्हतं.

मग चोविसावा उघडला. तो मंगळवारपासून तिच्या मोबाइलमध्ये होता. आदल्या रविवारी ती पैनगंगेच्या काठाने एकटीच गेली होती, तिथला. पलीकडच्या डोंगरधारेवरून काढलेला, खूप लांबून. पिवळ्या गवतात एक हिरवा ठिपका, मोहरीएवढा. मोठं केल्यावर दिसे की ठिपक्याची मान ताठ आहे, चालीत ऐट आहे, थकवा औषधालाही नाही. वीस वर्षांत प्रेमानंदने तिचा असा एक फोटो काढला नव्हता. मंगळवारपासून तिने तो किती वेळा बघितला याला गणती नव्हती, आणि तो तिने कोणालाही दाखवला नव्हता. दाखवायचाही नव्हता.

रविवारी तिने नवीन ड्रेस घातला. प्रेमानंद जागा होता. ग्रुपमधलं कोण कोण येऊन राह्यलं, त्याने विचारलं. सगळे आहेत, ती म्हणाली.

टेकडीला लागली तेव्हा आठ वाजले होते. दव सुकत होतं. अर्ध्या चढावर तिला मागे, बऱ्याच खाली, एक दगड घरंगळल्याचा आवाज आला. मग काही नाही. मग आणखी एक. तिला अन्नपूर्णाबाईंचा तो अर्धा प्यायलेला कप दिसला, आतून येणारी त्यांची पावलं आठवली. परत फिरायला वाट होती. समोरच्या वळणावरून एक फाटा थेट रस्त्याला उतरत होता, तिला तो डोळे मिटूनही सापडला असता.

तिने फाटा ओलांडला. कपाळावरची बट मागे सारली. मागे वळून बघितलं नाही. मागच्याची गाठ चुकायला नको म्हणून पाऊल थोडं हळू केलं.